वेगाचा काटा चालतो, पण मैलांचे आकडे थांबले आहेत : १९८३ ची २४० डी

मुठाकाठ (कोथरूड, पुणे)

सर्वांना नमस्कार.

आमच्याकडे १९८३ ची मर्सिडीज-बेंझ २४० डी, म्हणजे डब्ल्यू १२३ मालिकेतली चार सिलिंडरची डिझेल गाडी आहे. वडील इंग्लंडमध्ये लीड्स येथे नोकरीला होते आणि १९८९ मध्ये कायमचे पुण्याला परतताना ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’च्या सवलतीखाली ही गाडी बरोबर घेऊन आले. गाडी तिकडची असल्यामुळे वेगमापकाच्या तबकडीवर मोठे आकडे मैलांचे आहेत आणि आतल्या वर्तुळात लहान आकडे किलोमीटरचे आहेत. ओडोमीटर, म्हणजे धावलेल्या अंतराचे आकडे दाखवणारा भाग, मात्र फक्त मैलच मोजतो.

गेली चार वर्षे हा ओडोमीटर १,१२,६४० या आकड्यावर थांबलेला आहे. वेगाचा काटा व्यवस्थित चालतो, थरथरत नाही आणि गाडी थांबली की शून्यावर येतो. मुख्य आकडे मात्र हलत नाहीत आणि ट्रिपचे, म्हणजे एकेका प्रवासाचे अंतर वेगळे मोजणारे आकडेही जवळजवळ बंदच आहेत. ‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे, की उन्हाळ्यात गाडी तासभर चालून डॅशबोर्ड चांगला तापला, तर ट्रिपचे शेवटचे चक्र कधी कधी अर्धा आकडा पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. हिवाळ्यात तेवढेही होत नाही.

हा बिघाड कधी सुरू झाला ते नेमके सांगता येते. मे २०२१ मध्ये ब्रेकच्या कामासाठी गाडी एका गॅरेजमध्ये दिली होती. काम झाल्यावर ती फिरवून पाहताना तिथल्या मुलाने चालत्या गाडीतच ट्रिप शून्यावर आणणारी कळ दाबली. वडील शेजारीच बसले होते आणि त्यांनी त्याला लगेच थांबवले, पण त्या दिवसापासून आकडे पुढे गेलेले नाहीत. त्याच गॅरेजने नंतर केबल बदलून दिली आणि तिचे पैसेही घेतले. फरक काही पडला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी असा सल्ला मिळाला, की हा मीटर काढून किलोमीटरचा दुसरा मीटर बसवावा, आणि बसवतानाच आकडा साठ हजारांवर आणून देता येईल, म्हणजे विकताना बरे पडेल. गाडी विकायची नाही हे सांगूनही हा सल्ला दोनदा ऐकावा लागला.

वडील आता ८१ वर्षांचे आहेत. गाडी घेतल्याच्या पहिल्या दिवसापासूनची त्यांची एक वही आहे. तिच्यात तारीख, मैल, भरलेले डिझेल, बदललेले ऑइल, टायर आणि व्हॉल्व्हचे सेटिंग या सगळ्याची नोंद आहे. मे २०२१ नंतर डिझेलचा रकाना भरत गेला आहे, पण मैलांचा रकाना रिकामा आहे. ते तक्रार करत नाहीत, पण वही उघडली की त्यांची नजर तिथे थांबते हे मला दिसते, आणि म्हणूनच हे काम आता नीट करून घ्यायचे आहे.

नेमके काय बिघडले असावे, काट्याला धक्का न लावता ते दुरुस्त होते का, आणि दुरुस्ती करताना मधल्या चार वर्षांचे मैल अंदाजाने पुढे सरकवून ठेवणे योग्य ठरेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. नोंदणीच्या पुढच्या नूतनीकरणात आरटीओकडे याची काही अडचण येते का, तेही कोणाला माहीत असल्यास सांगावे.


तबकडी (शनिवार पेठ, पुणे)

नमस्कार. मी तीस वर्षे मीटर, दाबमापक आणि कारखान्यातली हजेरीची घड्याळे दुरुस्त केली. आता निवृत्त आहे. तुम्ही बिघाडाचे वर्णन इतके बारकाईने केले आहे, की निदानाचे निम्मे काम तिथेच झाले आहे. उन्हाळा आणि हिवाळा यांतला जो फरक तुम्ही सांगितला, तो माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

आधी रचना समजून घ्या. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून येणारी केबल मीटरमधल्या एका दांडीला फिरवते. त्या दांडीवर लोहचुंबक असतो आणि त्याला न चिकटता, अगदी थोडे अंतर ठेवून, ॲल्युमिनियमची एक वाटी बसवलेली असते. चुंबक फिरू लागला की वाटीत विजेचे भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचत असते, आणि या दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावतो तो गाडीचा वेग. म्हणजे चुंबक आणि काटा यांच्यामध्ये एकही दात नाही, एकही गरारी (दातेरी चाक) नाही. ओडोमीटरचे मात्र सगळे काम दातांवर चालते. त्याच दांडीवर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आट्यांचा भाग, कोरलेला असतो, तो एका गरारीला फिरवतो, ती पुढच्या गरारीला, आणि असा वेग कमी होत होत आकड्यांच्या चक्रांपर्यंत पोहोचतो.

यावरून सरळ निष्कर्ष निघतो. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील, तर केबल किंवा तिचे गिअरबॉक्सकडचे टोक तपासावे. काटा थरथरत असेल, तर केबल कोरडी पडलेली आहे किंवा कुठेतरी वाजवीपेक्षा जास्त वाकलेली आहे. काटा शांतपणे चालतो आणि आकडे मात्र थांबलेले आहेत, याचा अर्थ केबल उत्तम आहे आणि दोष मीटरच्या आत, वर्मच्या पुढे कुठेतरी आहे. तुमची केबल बदलण्याचे काहीच कारण नव्हते. जुनी केबल परत मिळाली असेल तर ती टाकून देऊ नका.

आता आतला दोष दोन प्रकारचा असू शकतो. गरारीचा दात तुटला असेल, तर आकडे प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी अडतात आणि त्यात एक नियमितपणा असतो. गरारी दांडीवर सैल झाली असेल, तर दांडी एका जागी राहते आणि गरारी तिच्यावर नुसती घसरत फिरते. अशा वेळी आकडे कधी सरकतात, कधी सरकत नाहीत. या काळातल्या कित्येक जर्मन मीटरमध्ये जस्ताच्या मिश्रधातूची लहान गरारी पोलादी दांडीवर केवळ दाबून बसवलेली असते. चावी नाही, खाच नाही. फक्त घट्टपणाच्या जोरावर ती दांडीला फिरवते. चाळीस वर्षांत तो घट्टपणा कमी होतो आणि दुसरीकडे चक्रांमधले ग्रीस वाळून मेणासारखे होते, त्यामुळे चक्रे फिरवायला लागणारा जोर वाढतो. उन्हाळ्यात ते ग्रीस थोडे मऊ पडते, जोर कमी लागतो आणि घसरणारी गरारी क्षणभर पकड घेते. तुमचे ट्रिपचे चक्र तापल्यावर अर्धा आकडा सरकते ते यामुळेच असावे. दात तुटलेला असता तर उष्णतेने काही फरक पडला नसता. इतक्या वर्षांनी असे होणे हा कंपनीचा दोष म्हणता येणार नाही.

चालत्या गाडीत ट्रिपची कळ दाबल्यावर एका बाजूने चक्रे शून्याकडे ढकलली जातात आणि दुसऱ्या बाजूने वर्म त्यांना पुढे ढकलतच असतो. आधीच कमकुवत झालेला सांधा त्या क्षणी सुटला असणार. ट्रिप नेहमी गाडी पूर्ण उभी असतानाच शून्यावर आणावी.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरून माणसांविषयी चुकीचे मत बनते. आकड्यांच्या प्रत्येक चक्राला एका बाजूला वीस दात आणि दुसऱ्या बाजूला फक्त दोन दात असतात, आणि दोन चक्रांच्या मधोमध एक पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, असते. उजवीकडचे चक्र एक पूर्ण फेरी करते तेव्हा त्याचे ते दोन दात पिनियनला ढकलतात आणि डावीकडचे चक्र एक आकडा पुढे जाते. एरवी एकच चक्र फिरत असते, पण ९९,९९९ वरून १,००,००० होताना सगळी चक्रे एकाच वेळी फिरवावी लागतात आणि त्या वेळी सैल गरारीवर सर्वांत जास्त ताण येतो. त्यामुळे जुन्या गाडीचा मीटर सगळ्या नव्वांवर थांबलेला दिसला, तर मालकावर लबाडीचा संशय घेण्याआधी तो उघडून पाहावा, असे मी अनेकांना सांगत आलो आहे.

काट्याविषयी तुमची काळजी रास्त आहे. काटा दांडीवर ज्या कोनात बसवलेला असतो त्यावर स्प्रिंगचा ताण आणि वेगाची अचूकता अवलंबून असते. तो ओढून काढला आणि अंदाजाने पुन्हा बसवला, तर चाळीसचे पंचेचाळीस दिसू लागतात. तुमच्या मीटरमध्ये आकड्यांची दांडी बाजूने बाहेर काढता येण्यासारखी असते, त्यामुळे काट्याला हात लावायची वेळ बहुधा येणार नाही. मीटरमध्ये तेल मात्र अजिबात सोडू नका. ते पसरत जाऊन चुंबक आणि वाटी यांच्या मधल्या फटीत शिरले, तर वाटी तेलाच्या थराबरोबर ओढली जाते आणि काटा खोटे बोलू लागतो. केबललाही ग्रीस बेताचेच लावावे आणि मीटरकडच्या टोकाची शेवटची वीतभर केबल कोरडी ठेवावी, कारण फिरत्या केबलवरून वंगण वर चढते.


औंधकर_डिझेल

तबकडी काकांनी निदान अगदी अचूक केले आहे. माझ्याकडे याच मालिकेतली ३०० डी आहे आणि तिचा ओडोमीटर मी दोनदा उघडला आहे. दोनदा उघडावा लागला तो माझ्याच चुकीमुळे. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या वेळी सैल गरारी दांडीवर पक्की करण्यासाठी मी झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद वापरला आणि लगेच मीटर बंद करून टाकला. त्या गोंदाची वाफ बंद जागेत पसरली आणि तीन दिवसांत काचेच्या आतल्या बाजूवर आणि तबकडीच्या काळ्या रंगावर पांढरट धुके बसले. काच साफ करता आली, पण तबकडीवरचा डाग आजही उन्हात दिसतो. शिवाय तो गोंद धक्के आणि उष्णता सोसत नाही; आठ महिन्यांत गरारी पुन्हा सुटली.

दुसऱ्या वेळी असे केले. आधी बॅटरीची वायर काढली. चालकाच्या पायांच्या वरचे आवरण काढून केबल जिथे क्लिपमध्ये धरलेली असते तिथे ती मोकळी केली, म्हणजे मीटरचा संच पुढे येताना तिला ताण बसत नाही. हा संच स्क्रूंनी बसवलेला नसतो. तो रबराच्या पट्टीच्या घट्टपणावर डॅशबोर्डमध्ये अडकलेला असतो. बाहेरून पेचकसाने उचकटू नये, डॅशबोर्ड फाटतो. मागून तळहाताने थोडे थोडे, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून ढकलत गेल्यास तो सावकाश बाहेर येतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. या गाडीतला ऑइलच्या दाबाचा काटा विजेवर चालत नाही. इंजिनातले खरे ऑइल एका बारीक नळीतून थेट मीटरच्या मागे येते. ही नळी मीटरबरोबर ओढली जाऊन मुडपली किंवा तुटली, तर पुढच्या वेळी इंजिन सुरू करताच गरम ऑइल गालिच्यावर आणि तुमच्या पायांवर येईल. नट सावकाश सोडवा, खाली जाड फडके धरा, नळीचे तोंड वर करून बांधून ठेवा आणि ती परत जोडेपर्यंत कोणीही किल्लीला हात लावणार नाही याची काळजी घ्या. मी किल्ली खिशात ठेवून काम केले होते.

संच टेबलावर आला की मधला वेगमापक वेगळा होतो. आकड्यांची दांडी काढण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढा आणि सगळ्या चक्रांवरून कागदी चिकटपट्टी लावून घ्या, नाहीतर चक्रे फिरतात, पिनियन सुटतात आणि आकडे एका ओळीत आणताना संध्याकाळ होते. सैल गरारी दांडीवरून बोटाने फिरते हे तुम्हाला लगेच जाणवेल. दांडीचा जो भाग गरारीच्या आत जातो, तेवढ्याच भागावर पकडीच्या दातांनी हलके चावे घेऊन पृष्ठभाग खरबरीत करा. मग धातूला धातू पक्का करणारे रिटेनिंग कंपाउंड सुईच्या टोकाने, अक्षरशः टाचणीच्या डोक्याएवढे लावा आणि गरारी सरळ दाबून बसवा. हे द्रव्य हवा नसलेल्या फटीत घट्ट होते, त्यामुळे आत गेलेला थेंब पक्का होतो आणि बाहेर राहिलेला ओलाच राहतो; बाहेरचा लगेच पुसा, कारण काही प्लास्टिकना त्याने तडे जातात आणि चक्रे प्लास्टिकचीच असतात. चोवीस तास मीटरला हात लावू नका. बारीक चिमटे, पकड आणि हे द्रव्य मला बोहरी आळीत एकाच फेरीत मिळाले.

गाडीत बसवण्यापूर्वी केबलच्या जागी चौकोनी टोकाचा तुकडा घालून बॅटरीवरच्या ड्रिलने मीटर फिरवून पाहा. काटा वर चढेल त्याच दिशेने आणि अगदी कमी वेगाने फिरवायचे. दोन-तीन मैल टेबलावरच मोजले गेले की मनाला खात्री वाटते. पाहण्याआधी आणि नंतर आकडा कागदावर लिहून ठेवावा.

तुमच्या गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्हची फट हाताने सेट करावी लागते आणि तिचा हिशेब धावलेल्या अंतरावर असतो. ओडोमीटर बंद ठेवून गाडी चालवली की ऑइल आणि व्हॉल्व्ह दोन्हींच्या वेळा चुकतात, म्हणून ही दुरुस्ती केवळ हौसेची नाही. मीटर उघडलेलाच असताना मधल्या चार वर्षांचे मैल अंदाजाने पुढे सरकवून घ्यावेत असे माझे मत आहे, म्हणजे पुढचा हिशेब सरळ राहतो.


खडकी_बीटल

किलोमीटरचा दुसरा मीटर बसवण्याचा जो सल्ला तुम्हाला मिळाला, त्यातली तांत्रिक चूक सांगतो. एका मैलात किंवा एका किलोमीटरमध्ये केबल किती फेरे घेते हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. तो गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि टायर यांवर ठरतो. मीटर त्याच आकड्यासाठी बनवलेला असतो. ब्रिटिश गाड्यांमधल्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरच्या तबकडीवर तर मैलामागे होणारे फेरे तळाशी बारीक अक्षरांत छापलेलेच असतात. माझ्या जुन्या बीटलमध्ये केबल गिअरबॉक्सकडे जातच नाही. ती पुढच्या डाव्या चाकाच्या मधून, ग्रीसच्या टोपणातल्या चौकोनी भोकातून फिरते. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात दिसायला तसाच मीटर मिळतो, तो बसतोही, पण तो दुसऱ्या गाडीचे फेरे मोजायला बनवलेला असतो. मग वेगही चुकतो आणि अंतरही. तुमचा मूळ मीटर दुरुस्त होण्यासारखा आहे, तो सोडू नका.


मेघना_पाषाण

मी वीस वर्षे मोटार विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण केले आहे, त्यामुळे यंत्रापेक्षा आकड्याविषयी लिहिते. औंधकरांनी दुरुस्तीची जी पद्धत सांगितली ती मी आदराने वाचली, पण त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही.

ओडोमीटरवरचा आकडा म्हणजे त्या यंत्राने स्वतः मोजलेले अंतर, आणि त्याची किंमत तेवढ्यामुळेच आहे. तुम्ही कितीही प्रामाणिकपणे अंदाज केलात तरी तो अंदाजच असतो, आणि एकदा तो चक्रांवर चढवला की मोजलेले मैल कुठे संपले आणि तर्काने घातलेले मैल कुठे सुरू झाले हे पुढच्या माणसाला कधीच कळणार नाही. आकडा मागे फिरवणारा फसवतो आणि पुढे फिरवणारा फसवत नाही, हे खरे आहे. तरी दोघांनंतर मीटर वाचणाऱ्याच्या हाती शुद्ध नोंद राहत नाही. म्हणून अंदाज वहीत लिहावा आणि मीटर जिथे थांबला तिथूनच पुढे चालू द्यावा.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. अमेरिकेत १९७२ च्या संघराज्य कायद्याने ओडोमीटरशी छेडछाड करणे बेकायदा ठरवले, पण दुरुस्तीला मनाई केली नाही. दुरुस्तीनंतर आकडा पूर्वीइतकाच ठेवायचा, आणि ते शक्य नसेल तर मीटर शून्यावर आणून आधीचा आकडा आणि दुरुस्तीची तारीख लिहिलेली पट्टी चालकाच्या दाराच्या चौकटीवर लावायची, असा तिथला नियम आहे. जर्मनीतही तिथल्या रस्ते वाहतूक कायद्यात ओडोमीटरमध्ये फेरफार करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे खोटा आकडा दाखवून कोणी गाडी विकली, तर ते फसवणुकीत मोडते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येऊ शकते. साठ हजारांवर आणून देण्याचा जो प्रस्ताव तुमच्यापुढे ठेवला गेला, तो स्वीकारणाऱ्या मालकालाच पुढे उत्तर द्यावे लागते, हे लक्षात असू द्या.

आरटीओच्या बाबतीत सांगायचे तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम वेगमापकाविषयी आहे आणि तुमचा वेगमापक चालू आहे. नूतनीकरणासाठी नमुना २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागते. त्या वेळी ब्रेक, दिवे, धूर, सांगाडा आणि इंजिनाचा क्रमांक यांकडे लक्ष द्या. विम्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. २०२२ पासून धावलेल्या अंतरावर हप्ता ठरवणाऱ्या पॉलिसी आपल्याकडेही मिळू लागल्या आहेत. बंद ओडोमीटरच्या गाडीसाठी तशी पॉलिसी चुकूनही घेऊ नये.

आता काय करावे ते सांगते. मीटर काढण्यापूर्वी आकड्याचा तारखेसह फोटो घ्या. दुरुस्ती कोणी केली, काय केले आणि बंद करताना आकडा काय होता, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. मधल्या काळाचा अंदाज वडिलांच्या डिझेलच्या नोंदींवरून काढा. त्यांनी रकाना भरत ठेवला हे फार मोठे काम झाले आहे. आणि आणखी एक विनंती आहे. गाडी १९८३ ची आहे आणि १९८९ पर्यंत इंग्लंडमध्ये होती, म्हणजे तीन वर्षे पूर्ण झाल्यावर, १९८६ पासून, तिची तिकडची वार्षिक एमओटी तपासणी झालेली असणार, आणि त्या दाखल्यावर मीटरवरचे मैल लिहिलेले असतात. ते कागद घरात असतील तर वहीबरोबरच ठेवा. त्रयस्थाने केलेली इतकी जुनी नोंद फार थोड्या गाड्यांजवळ असते.


औंधकर_डिझेल

मेघनाताई, तुमचे म्हणणे पटले. माझ्या गाडीचे आकडे मी पहिल्या दुरुस्तीच्या वेळी अंदाजाने पुढे नेले होते आणि किती नेले ते आज मला आठवत नाही. माझे वाक्य मी मागे घेतो.


मुठाकाठ (कोथरूड, पुणे)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काम पूर्ण करूनच उत्तर द्यायचे ठरवले होते.

तबकडी काकांचे निदान तंतोतंत खरे ठरले. दात सगळे शाबूत होते. लहान गरारी दांडीवर नखाने ढकलली तरी फिरत होती. काम दोन रविवारांत विभागून केले. पहिल्या रविवारी मीटर काढून गरारी बसवली आणि चक्रांमधले वाळलेले ग्रीस लाकडी दातकोरणीने खरवडून काढले. ते खरोखर मेणासारखेच निघाले. ऑइलची नळी सोडवताना वडील फडके धरून बसले होते आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. दुसऱ्या रविवारी मीटर गाडीत बसवून आम्ही सातारा रस्त्याने निघालो.

खेड शिवापूरच्या पुढे महामार्गाच्या दगडांवरून मोजून वीस किलोमीटर गाडी चालवली. वीस किलोमीटर म्हणजे १२.४ मैल, पण ट्रिपवर चक्र १२.८ च्या थोडे पुढे गेलेले दिसत होते. परतताना उलट्या दिशेनेही तेवढेच दिसले. क्षणभर वाटले, की बसवताना काही चुकले. मग खडकी_बीटल यांनी टायरविषयी लिहिलेले आठवले. गाडीचे मूळ टायर १७५ आर १४ मापाचे आणि साधारण ८० टक्के उंचीचे होते. आता १८५/७० आर १४ लावलेले आहेत. हिशेब केला तर जुन्या टायरचा व्यास सुमारे ६३५ मिलिमीटर आणि नव्याचा सुमारे ६१५ मिलिमीटर येतो, म्हणजे चाक तेच अंतर कापायला तीन टक्क्यांहून थोडे जास्त फेरे घेते. १२.४ मध्ये तेवढी वाढ केली की बरोबर १२.८ च्या पुढे येते. मीटर अचूक आहे, फक्त त्याला टायर बदलल्याचे माहीत नाही.

वहीतल्या नोंदींप्रमाणे मे २०२१ पासून ६२० लिटर डिझेल भरले गेले. ही गाडी आमच्याकडे लिटरला सरासरी ११ किलोमीटर देत आली आहे, त्यावरून सुमारे ६,८०० किलोमीटर, म्हणजे ४,२०० मैल होतात. आकडा पुढे सरकवलेला नाही. लीड्सचे एमओटीचे तीन दाखलेही सापडले. ते आयकराच्या जुन्या कागदांमध्ये ठेवलेले होते.

एकच शंका राहिली आहे. टायरमुळे जे तीन टक्के जास्त दिसते, त्यासाठी गिअरबॉक्सकडची गरारी बदलावी का?


तबकडी (शनिवार पेठ, पुणे)

बदलू नका. टायर पुन्हा मूळ मापाचे घातले की तीच गरारी बरोबर ठरेल आणि बदललेली चुकीची ठरेल. टायरचे माप आणि ते घातल्याची तारीख वहीत लिहा, म्हणजे कोणालाही हिशेब करता येईल. महिनाभराने, विशेषतः थंडीत, पुन्हा एकदा वीस किलोमीटर मोजून पाहा. गरारी अजूनही घसरत असेल तर ती थंडीतच आधी घसरेल.


मुठाकाठ (कोथरूड, पुणे)

तसेच करतो. वडिलांनी आज सकाळी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या आहेत, त्या मेघनाताईंसाठी इथे देतो. पहिली ओळ: “मे २०२१ पासून मीटर बंद. डिझेलवरून अंदाजे ४,२०० मैल. मोजलेले नाहीत.” आणि तिच्याखाली, मैलांच्या रकान्यात: “१,१२,६९८. मीटर चालू. टायर १८५/७०.”